अकरावीला मराठी सोडून फ्रेंच : बरोबर की चूक?

गोदाकाठ

मुलीचा नाशिकमध्येच अकरावी सायन्सला प्रवेश झाला. फॉर्म भरताना दुसऱ्या भाषेच्या रकान्यात तिने मराठी न लिहिता फ्रेंच लिहिलं. कारण विचारलं तर म्हणाली, "बाबा, सगळेच घेतात. स्कोअरिंग आहे."

फ्रेंचचं मला वावडं नाही, खटकतंय ते कारण. दहा वर्षं मराठी शिकलेल्या मुलीने आता मुळाक्षरांपासून सुरू होणारा विषय घ्यायचा, तोही पेपर सोपा म्हणून. 80 गुणांची लेखी, 20 ची तोंडी. क्रियापदं चालवायची, छोटंसं पत्र लिहायचं, उतारा सोडवायचा. दोन वर्षांनी हातात गुणपत्रिका राहते आणि दोन्ही भाषा निसटलेल्या असतात. तिला आता कथा-कविता कळू लागल्या होत्या, नेमक्या त्याच वयात तो धागा तुटतोय.

माझं मत स्पष्ट आहे. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांनी अकरावीला मराठीच घ्यावी. फ्रेंचची खरी आवड असेल तर कॉलेज सुटल्यावर क्लास लावावा. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहा, मला ऐकायचंय.

कानामात्रा

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. तुम्ही लिहिलंय ते मी दर जूनमध्ये बघतो.

2020 च्या कायद्याने राज्यातल्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. अकरावीत ती सक्ती संपते आणि मुलं दारातच मराठी उतरवून ठेवतात. मी आलो तेव्हा सायन्सला मराठीच्या दोन तुकड्या होत्या. आता एक आहे, तीही अर्धी रिकामी. 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात दर्जा जाहीर झाला तेव्हा आम्ही स्टाफरूममध्ये पेढे वाटले. पुढच्या प्रवेशाला बाकं तेवढीच रिकामी होती.

शिवाय आमच्या वर्गात निबंधाला दहापैकी आठ मिळवायला मुलाला घाम गाळावा लागतो, पलीकडच्या वर्गात रिकाम्या जागा भरल्या की पैकीच्या पैकी. या तराजूत मराठी कधी जड होणार?

टिळकरोड

गोदाकाठ काका, मी हेच केलं होतं. बारावीला फ्रेंचमध्ये 94 मिळाले. आज इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात कॉलेजात फ्रान्सहून विद्यार्थी आले होते. "ज मापेल" म्हणून नाव सांगितलं आणि पुढे शब्द सुचेना. समोरची मुलगी हळू बोलत होती, तरी तिचं एक वाक्य मला समजलं नाही. आम्हाला दोन वर्षांत कधी फ्रेंच ऐकवलीच नव्हती. सर फळ्यावर लिहायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. मुलीला सांगा, गुणांसाठी घेऊ नकोस. वाईट वाटतं नंतर.

शेवंती

मी पुण्यातल्या एका कॉलेजात नवशिक्यांना फ्रेंच शिकवते. टिळकरोडचा अनुभव खरा आहे आणि माझ्या पेशातल्या माणसाला लाज वाटावी असाच आहे. तरी गोदाकाठ दादांचा निष्कर्ष मला मान्य नाही.

आमच्या वर्गात काय होतं ते सांगते. फ्रेंचमध्ये 97 म्हणायचं तर "कात्र-वँ-दी-सेत", म्हणजे चार वीस आणि सतरा. दरवर्षी या धड्याला वर्ग वैतागतो. गेल्या वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमची आजी असंच मोजते. गोवऱ्या मोजताना चार इसा न् सतरा." जुन्नरकडची मुलगी. तोवर वर्गात तोंड उघडत नव्हती. त्या दिवशी सगळ्यांनी तिच्याकडून आजीची मोजणी शिकून घेतली आणि 70 ते 99 हे सगळ्यांत किचकट आकडे एका तासात झाले.

हे एकच उदाहरण नाही. "त्यू" आणि "वू" यांतला फरक इंग्रजीतून समजावताना दम लागतो. तू आणि तुम्ही म्हटलं की काम झालं, सासऱ्यांना काय म्हणायचं आणि मित्राला काय, हे मुलांना आपोआप कळतं. निर्जीव वस्तूंना लिंग असतं याचं मराठी मुलाला नवल वाटत नाही. टेबल आपल्याकडे ते, तिकडे ती, एवढंच पाठ करायचं. भूतकाळ घ्या. मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली. खाणारी मीच, पण क्रियापद बदललं ते आंब्याप्रमाणे आणि पोळीप्रमाणे. फ्रेंचमध्येही कर्म आधी आलं की भूतकाळी रूप कर्माचं लिंग धरतं. हा नियम इंग्रजीतून शिकणाऱ्याचा घाम काढतो. ज्यांची मराठी पक्की, ती मुलं मान डोलावतात आणि पुढे जातात.

म्हणून माझं म्हणणं असं की फ्रेंच मराठीची जागा खात नाही. चांगली शिकवली तर तीच मुलांना त्यांच्या मराठीचं व्याकरण उघडून दाखवते. सोळाव्या वर्षी नवी भाषा कॉलेजातच, त्याच फीमध्ये मिळते. बाहेर क्लास लावा म्हणता, पण माझ्या त्या जुन्नरच्या मुलीला बाहेरची फी परवडली नसती.

कानामात्रा

शेवंतीताई, तुमच्या वर्गात बसायला मलाही आवडेल. पण तुम्ही माझीच बाजू मांडलीत. हे सगळं ज्या मराठीच्या जोरावर जमतं, तीच मुलं सोडून देताहेत. आणि किती कॉलेजांत फ्रेंच मराठीतून शिकवतात? आमच्याकडे तरी इंग्रजीतूनच. मग तो आजीचा इसा वर्गात यायचा कुठून?

दुसरं, 'संस्कृती'च्या नावाखाली मी मुलांच्या वह्यांत आयफेल टॉवर, चीज आणि 14 जुलै हा त्यांचा राष्ट्रीय दिन एवढंच पाहिलंय. फ्रेंच सेनेगलमध्ये आहे, काँगोत आहे, अल्जीरियाने ती कशी भोगली हे आहे. आपल्या पुदुच्चेरीत 1954 पर्यंत फ्रेंच राज्य होतं. यातलं काही त्या वह्यांत नव्हतं. इतकी उथळ ओळख करून देण्यासाठी मुलांची दोन वर्षं द्यायची?

शेवंती

संस्कृतीबद्दलचं सगळं मान्य. मी किन्शासाचा नकाशा लावते तेव्हा मुलं चकित होतात, फ्रेंच बोलणारं एवढं मोठं शहर आफ्रिकेत कसं म्हणून. पण पुस्तकातच नाही, त्यामुळे ते शिक्षकाच्या मर्जीवर राहतं. हे बदलायला हवं.

मॉन्ट्रियलकर

थोडं व्यवहाराचं. "फ्रेंच आली की कॅनडा सोपं" असं ऐकून पालक हा विषय निवडतात. कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे तिथे कायमचं राहायला येणाऱ्यांच्या निवडपद्धतीत, फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळी निवड होते हे खरं, पण त्यासाठी ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं या चारही कौशल्यांत कॅनडाच्या मोजपट्टीवर सातवी पातळी लागते. परीक्षाही वेगळ्या, टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा. डेल्फचं, म्हणजे फ्रान्स सरकारच्या फ्रेंच परीक्षेचं प्रमाणपत्र तिथे चालत नाही. अकरावी-बारावीची फ्रेंच या वाटेची पहिली पायरी फार तर. मी तिशीत शिकायला बसलो, इथल्या बर्फात रात्रीच्या वर्गांना जाऊन. सोळाव्या वर्षी कान तयार झाले असते तर फार त्रास वाचला असता, म्हणून माझं मत शेवंतीताईंच्या बाजूने.

ओवी

मराठी विरुद्ध फ्रेंच अशी वाटणी वाचून राहवलं नाही. मराठी भाषा कशी घडत गेली यावरचा पायाभूत ग्रंथ शंभर वर्षांपूर्वी फ्रेंचमध्ये लिहिला गेला, ज्यूल ब्लॉक यांनी. आपल्या अभ्यासकांना तो मराठीत आणावा लागला. पुण्यात स्थायिक झालेले गी प्वातव्हँ मूळचे फ्रान्सचे. त्यांनी हेमा राईरकरांबरोबर गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. माझ्या आईच्या माहेरच्या गावाकडच्या ओव्या मी त्या संग्रहातून पहिल्यांदा ऐकल्या. घरात कुणी जपल्या नव्हत्या.

आपल्या मुलांनी उलट्या दिशेने असं का जाऊ नये? पण त्यासाठी दोन्ही भाषा लागतात. एक टाकून दुसरी घेतली तर हे काम होत नाही.

भातखाचर

एक गोष्ट सगळे विसरताय. फ्रेंच बंद केली तर मुलं मराठीकडे वळतील हा भ्रम आहे. आमच्या मुलाने दुसऱ्या भाषेऐवजी आयटी (माहिती तंत्रज्ञान) घेतलं, म्हणजे इंग्रजी सोडून भाषाच नाही. निदान फ्रेंच घेणारा एक भाषा तरी शिकतोय.

गोदाकाठ

सगळ्यांचं वाचलं, काल रात्री मुलीलाही वाचायला दिलं. टिळकरोडचं वाचून ती गप्प झाली. मग आजीकडे गेली आणि विचारलं, तुम्ही इसा मोजायच्या का? माझी आई म्हणाली, "हो तर, पाच इसा म्हंजी शेकडा." अर्धा तास दोघी हरभऱ्याचे दाणे ताटात मांडून बसल्या होत्या. मी हे घरात कधी ऐकलंच नव्हतं.

फ्रेंच ती ठेवणार आहे. मी विरोध मागे घेतला, पण दोन अटी घातल्या. रोज वीस मिनिटं फ्रेंच बातम्या ऐकायच्या, आणि बारावीआधी डेल्फची ए-वन, म्हणजे सगळ्यांत पहिल्या पातळीची परीक्षा द्यायची. तिथे ऐकणं आणि बोलणं धरून चार भाग आहेत, प्रत्येकी 25 गुण. पाठांतरावर निभावणार नाही. मराठीची पुस्तकं मी आणतोय, दर रविवारी आम्ही दोघं मिळून वाचू. विषयाच्या निवडीवर मात्र माझं समाधान झालेलं नाही. फॉर्मवर दोन्ही भाषांना जागा असती तर हा वाद घरात आलाच नसता.

कानामात्रा

तुमच्या घरी पुस्तकं येतील, आजी आहे, वाचायला बाबा आहे. आनंद वाटला. माझी काळजी त्या मुलांची आहे ज्यांच्या घरी यातलं काही नाही आणि मराठीचा तास हीच त्यांची एकमेव जागा आहे. यंदा माझ्या तुकडीत 19 मुलं आहेत. पटसंख्या याहून खाली गेली तर तुकडी बंद करावी लागेल, असं प्राचार्यांनी परवाच सांगितलं. शेवंतीताई, तुमच्या कॉलेजात फ्रेंचच्या मुलांना मराठीच्या तासाला नुसतं येऊन बसू देतील का? आमच्याकडे विचारतोय, अजून उत्तर नाही.