पटाश्यांना तेल चोपडून ठेवणं: काळजी की मनाची समजूत?

सहाणेवरचा

स्पष्टच लिहितो. कोरीवकामाची हत्यारं तेल लावून गुंडाळून ठेवली की आपण निर्धास्त होतो, आणि तिथेच फसतो.

मध्यंतरी वीसेक दिवस कामाला हात लागला नाही. सगळ्या पटाश्या पुसून, शिलाई मशीनचं तेल लावून, कापडी गुंडाळीच्या खणांत खोचून ठेवल्या होत्या. उघडून बघतो तर बारापैकी चार गंजलेल्या. गंज कुठे? जिथे कापडाची शिवण पात्याला टेकत होती तिथे, आखल्यासारखा सरळ रेघेत. कापडाने तेल पिऊन टाकलं आणि हवेतली ओल मात्र धरून ठेवली. वरवरचा तांबूसपणा घासून गेला, पण एका गोल पटाशीच्या ऐन धारेवर सुईच्या टोकाएवढे तीन खड्डे पडले होते. चामड्याच्या पट्ट्यावर कितीही ओढली तरी प्रत्येक कापात लाकडावर तीन बारीक रेघा उठायच्या, दोरा चिकटवल्यासारख्या. शेवटी धार अर्धा मिलिमीटर मागे घ्यावी लागली. दीड तास सहाणेवर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, गेला.

तेव्हा हत्यार राहतं कशात, ते आधी बघा. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली असली की स्वच्छ पोलादावर गंज फार सावकाश चढतो. खरा घोळ सकाळी होतो. हवा लवकर तापते, रात्रभर गार पडलेलं पोलाद मात्र गारच असतं. हवा २५ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर १९ अंशांच्या पात्यावर दव धरतं. थेंबभर पाणी न सांडता पातं ओलं! म्हणून माझा कौल रबरी पट्टीच्या झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे. तेल लावलं तर लावलं.

जुना_रंधा

साफ असहमत. तुमच्याच गोष्टीत गुन्हेगार कापड आहे आणि फाशी तेलाला!

शिलाई मशीनचं तेल पातळ. उभ्या पात्यावरून ओघळतं, कापडाला लागलं की पुसलं जातं. मी पेस्टचं मेण लावतो: पातळ थर, दहा मिनिटं सुकू द्यायचा, मग फडक्याने चोळायचा. बोटाला लागत नाही, लाकडाला डाग पडत नाही. हत्यारं उघड्या फळीवर, एकमेकांपासून बोटभर लांब. कित्येक वर्षं झाली, धारेवर एक ठिपका नाही.

आणि तुमच्या त्या डब्याचं सांगू? पाण्याच्या सहाणेवर धार लावली, पातं पुसलं, डब्यात टाकलं. शेंबीत, म्हणजे मुठीच्या तोंडाच्या धातूच्या कड्यात, शिरलेलं पाणी कोण पुसणार? ते आत कोंडतं आणि दांड्याच्या मुळाशी गंज धरतो. मी स्वतः एक पटाशी अशी घालवली आहे. वरून चकचकीत, पण मूठ काढली तर आतला काटा, म्हणजे पात्याचं मुठीत शिरणारं टोक, गंजाने अर्धा खाल्लेला.

नवा_गडी

मधे बोलतो, माफ करा. मी डब्ल्यूडी-४० मारून ठेवतो. चालतं ना?

सहाणेवरचा

@नवा_गडी, नावातच उत्तर आहे. डब्ल्यूडी म्हणजे 'वॉटर डिस्प्लेसमेंट', पाणी हटवणं. १९५३ साली पाणी हटवणारं मिश्रण बनवायचा चाळिसावा प्रयत्न जमला, त्यावरून ते नाव. शेंबीतलं पाणी बाहेर काढायला उत्तम, पण मागे राहणारा थर अगदी पातळ. त्यावर महिनाभर विसंबू नका.

@जुना_रंधा, शेंबीचा मुद्दा मान्य. धार लावल्यावर हत्यार तासभर उघड्यावर, तोंड खाली करून ठेवायचं, मग डब्यात, हे मी लिहायला हवं होतं. पण "फळीवर ठेवा" हे सगळ्यांना कसं सांगता? ज्यांचं कामाचं टेबल गच्चीच्या खोलीत किंवा मोरीशेजारी आहे त्यांनी काय करायचं?

भुशाचा_धनी

तेलवाल्यांना एक विचारतो. तेलकट पटाशीने फिक्या लाकडावर पहिला काप घेतला की काय होतं? डाग. पॉलिश चढवताना तेवढाच भाग ते धरत नाही. त्यातून कोणी सिलिकॉनचा फवारा मारत असेल तर बोलायलाच नको, वार्निशला माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. स्वयंपाकाचं तेल लावणारेही भेटलेत. काही महिन्यांत पात्यावर चिकट पिवळा राप, तो काढायला रॉकेल.

आणि डबेवाल्यांना: जेलचे दाणे शेवटचे कधी तापवलेत? निळे गुलाबी झाले किंवा नारिंगी हिरवे झाले की ते ओलीने भरलेले असतात. १२० अंशांच्या आसपास तापवून कोरडे केल्याशिवाय ती नुसती वाळू. दिवसातून दहा वेळा उघडणाऱ्या खणात तर पुडी टाकूच नका.

रोज_कोरणारा

तुमची हत्यारं गंजतात कारण ती पडून असतात. माझ्या नेहमीच्या सहा पटाश्यांना मी काहीच लावत नाही. रोज पट्ट्यावर ओढल्या जातात, गंजाला बसायला वेळच मिळत नाही.

जुना_रंधा

@रोज_कोरणारा, आणि सातवी? कोपऱ्यात वापरायची ती अरुंद वाकडी, वर्षातून दोनदा लागणारी? तिचा फोटो टाका.

रोज_कोरणारा

:) ती बघायला आत्ता उठलो. आतल्या खोबणीत तांबूस आहे. गोलाव्यात बोट जात नाही ना, तिथे पट्टाही पोचत नाही. पण मुद्दा सोडत नाही! घामाचं कोणीच बोललं नाही. माझ्या मेव्हण्याने पातं नुसतं हातात धरलं तरी दुसऱ्या दिवशी ठसा उमटतो, अगदी पोलिसी. त्याच्या घामात मीठ जास्त असावं. त्याला तेल, मेण, डबा, काहीही सांगा. आधी काम संपल्यावर पातं पुसायला सांगा.

भुशाचा_धनी

खोबणीसाठी बांबूची काडी गोलाव्याच्या मापाने तासायची, टोकाला चिंधी, चिंधीला मेण.

नवा_गडी

मग ओकच्या लाकडाची छान पेटी करून त्यात ठेवू का? आतून चामडं लावणार होतो.

सहाणेवरचा

नको! ओकमधून आम्लाची वाफ सुटते, पोलादाला ती बाधते. झाडाच्या सालीत कमावलेल्या चामड्यात टॅनिन हे तुरट द्रव्य असतं, वर ते ओल धरतं. पेटी करायचीच तर दुसऱ्या, पुरत्या वाळलेल्या लाकडाची, आत गंजरोधक वाफ सोडणारा कागद. तो कागद बंद जागेतच काम करतो, हे @जुना_रंधा यांच्या फळीच्या माहितीसाठी.

जुना_रंधा

फळीला मेण पुरतं. तुमच्या डब्यातल्या पटाश्यांना मात्र मेण लावून बघा एकदा, मग पुढच्या वीस दिवसांनी बोलू.

सहाणेवरचा

सहा मेण लावून, सहा कोऱ्या, एकाच डब्यात. आजच ठेवतो.