मदत हवी आहे : आईला घेऊन मागोमे-त्सुमागो चालायचंय. कुठून कुठे जावं? गाईड घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

मी दोन वर्षांपासून नोकरीसाठी नागोयात आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई पहिल्यांदाच माझ्याकडे येतेय. वय ६६. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत तिनं तीस वर्षं इतिहास शिकवला. जपानमध्ये काय काय बघायचं असं विचारलं तर एकच उत्तर आलं, "ती तुझी जुन्या गावांची वाट मला चालून बघायची आहे. बाकी तू दाखवशील ते."

ती वाट म्हणजे नाकासेन्दो. एदो, म्हणजे आजचं तोक्यो, आणि क्योतो यांना डोंगरातून जोडणारा सुमारे ५३० किलोमीटरचा जुना राजमार्ग. त्यावर मुक्कामाची ६९ गावं होती, त्यातली अकरा किसोच्या खोऱ्यात. क्योतोकडे जाताना त्सुमागो ४२ वं आणि मागोमे ४३ वं. दोघांमधलं अंतर सुमारे आठ किलोमीटर, आणि हा टप्पा अजून पायी चालता येतो. एका दिवसात जाऊन नागोयाला परत यायचं, असा विचार आहे.

माझ्या अडचणी सविस्तर लिहिते, कारण इंटरनेटवर जे सापडतं ते सगळं धडधाकट माणसांसाठी लिहिलेलं आहे.

पहिली अडचण आईचा उजवा गुडघा. चढायला तिला काही होत नाही, उतरताना दुखतो. गेल्या वर्षी आम्ही सज्जनगडावर गेलो होतो. चढताना ती माझ्या पुढे होती. उतरताना मात्र प्रत्येक पायरीवर आधी डावा पाय, मग उजवा, आणि मध्येच कठड्यावर हात टेकून उभी. तोंडानं "काही नाही, चल" म्हणत होती, पण ओठ घट्ट मिटलेले होते. मी तिची मुलगी आहे, मला ते कळतं. डॉक्टरांनी चालणं बंद करू नका, पण लांबलचक उतार टाळा असं सांगितलंय.

आता गंमत बघा. सगळीकडे "मागोमेहून त्सुमागोकडे जा, ते सोपं" असं लिहिलंय. मागोमे साधारण ६०० मीटरवर, मधली खिंड जवळपास ८००, आणि त्सुमागो ४२० च्या आसपास. म्हणजे दोनशे मीटर चढ आणि पावणेचारशे मीटरच्या वर उतार. ज्याला दम लागतो त्याला हे सोपं. आईसाठी हिशोब नेमका उलटा होतो. उलट्या बाजूनं, त्सुमागोहून वर, कुणी चाललंय का? वाट कशी आहे, दगडी फरसबंदी किती?

दुसरी अडचण गाईडची. मागच्या वर्षी मी एकटीच नाराईला गेले होते. तेही याच मार्गावरचं गाव, एक किलोमीटर लांब रस्ता, दोन्ही बाजूंना काळपट लाकडी घरं. रस्त्याकडेला ठिकठिकाणी लाकडी डोण्यांत झऱ्याचं पाणी पडत होतं. छान वाटलं, फोटो काढले, परत आले. ते पाणी वाटसरूंना प्यायला आणि आग लागली तर विझवायला असं दोन्हीसाठी होतं, हे मला ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं नंतर सांगितलं. माझं जपानी दुकान आणि ऑफिसपुरतं आहे. गावातल्या पाट्या मला वाचता येत नाहीत. आणि आई तर विचारणारच : सरदारांचे एवढे ताफे जायचे, त्यांना घोडे कोण पुरवायचं? हमाल कुठून यायचे? गावाला त्याचे पैसे मिळायचे का? मला यातलं एकही सांगता येणार नाही, आणि ती विचारत राहिली नाही तर तिला आल्याचं समाधान वाटणार नाही.

पण गाईड घेतला तर इंग्रजी बोलणारा मिळेल. आई इंग्रजी वाचते, भरभर बोललेलं तिला पकडता येत नाही. मीच भाषांतर करणार. मग खर्च सार्थकी लागेल का? आणि गटाच्या सहलीत सगळे पुढे आणि आम्ही दोघी मागे, असं झालं तर ती गुडघा विसरून धावेल, याची मला जास्त भीती आहे.

तिसरं, खाणं. ती पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही.

जाऊन आलेल्यांनी कृपया लिहा. आई-वडिलांना घेऊन गेलेल्यांनी तर नक्की लिहा.

प्रतिसाद १ : घाटवाट

ताई, आम्ही तोयोतात आठ वर्षं आहोत, ही वाट चारदा चाललोय, दोनदा उलटी. तुमचा हिशोब बरोबर आहे. काकूंना त्सुमागोहूनच वर न्या.

आणि पूर्ण चालायचा हट्ट धरू नका. त्सुमागो ते खिंड साधारण साडेपाच किलोमीटर होतं, चढ आहे पण सलग अंगावर येत नाही. थोडी वस्ती, थोडी शेतं, मग हिनोकीचं, म्हणजे जपानी सायप्रसचं रान. काही ठिकाणी जुनी फरसबंदी, काही ठिकाणी पायवाट, काही ठिकाणी चक्क डांबरी रस्ता. खिंडीपासून मागोमे सव्वादोन किलोमीटर, आणि हा उतार काकूंसाठी वाईट. मागोमे गावच उतारावर वसलंय, मधला रस्ता दगडी आणि तिरका. पाऊस पडून गेला असेल तर धडधाकट माणूसही जपून पाय टाकतो.

खिंडीत बसथांबा आहे. नागिसो स्टेशनहून त्सुमागोमार्गे मागोमेला जाणारी बस तिथून जाते. तिथे बसा आणि मागोमेला उतरा. गाव खालच्या टोकापासून बघा, वर किती चढायचं ते काकू ठरवतील. मग मागोमेहून नाकात्सुगावा स्टेशनला बस, अर्ध्या तासाच्या आत पोचते. तिथून नागोयाला जलद गाडीनं सव्वा तास, शिनानो एक्सप्रेसनं पन्नासेक मिनिटं.

फक्त बस दिवसातून मोजक्याच आहेत. जायच्या आठवड्यात वेळापत्रक बघा आणि खिंडीतली बस धरून मागे मोजत निघा. नोव्हेंबरच्या मध्यावर पावणेपाचला सूर्य मावळतो, खोऱ्यात त्याआधीच अंधारून येतं. सकाळची पहिली गाडी पकडा.

प्रतिसाद २ : एकटा जीव

माझं मत वेगळं. गाईडवर पैसे घालवू नका. वाट चुकायची सोय नाही, प्रत्येक फाट्यावर इंग्रजी पाट्या आहेत. अस्वलांसाठी वाटेत घंटा टांगल्यात, येताजाता वाजवायच्या. रोज कितीतरी परदेशी लोक आपले आपले जातात. इतिहास आदल्या रात्री वाचून आईंना सांगा.

प्रतिसाद ३ : रानजाई

एकटा जीव, वाट चुकण्यासाठी गाईड नकोच. पण ताईंचा प्रश्न तो नाहीये, काकूंच्या प्रश्नांना उत्तर कोण देणार हा आहे.

मी बाबांना घेऊन गेले होते, खाजगी गाईड घेऊन. एक उदाहरण सांगते. खिंडीच्या अलीकडे वाटेला लागून एक जुनं घर आहे, तिथे गावातली स्वयंसेवक मंडळी येणाऱ्याजाणाऱ्याला चहा देतात. पैसे मागत नाहीत, ऐच्छिक पेटी असते. आत चुलखंडात लाकडं धुमसत होती, वर काळाकुट्ट किटलीवजा भांडं लोंबत होतं, आणि धुरानं तुळया डांबर फासल्यासारख्या दिसत होत्या. आम्ही एकटे असतो तर चहा पिऊन निघालो असतो. गाईडनं बाबांना बाहेर नेऊन दाखवलं की इथेच १७४९ पासून १८६९ पर्यंत लाकडाची चौकी होती. किसोतली पाच जातींची झाडं, हिनोकी धरून, सामान्य माणसाला तोडायला बंदी होती. "एक झाड, एक मुंडकं" अशी तिथली म्हणच आहे. म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाकडचं लाकूड तपासायचे. बाबा आयुष्यभर वनखात्यात होते. ते तिथे अर्धा तास बोलत बसले, मी मधे भाषांतर करत होते, आणि त्या अर्ध्या तासासाठी मी सगळा खर्च पुन्हा करीन.

काकूंच्या घोड्यांच्या प्रश्नाचं उत्तर तर सुंदर आहे. मुक्कामाच्या गावाला माणसं-घोडे कमी पडले की आजूबाजूच्या खेड्यांवर ते पुरवायची सक्ती असायची, त्याला सुकेगो म्हणत. शेतीच्या ऐन दिवसांतसुद्धा जावं लागे. १८६१ मध्ये राजकन्या काझुनोमिया शोगुनशी, म्हणजे तेव्हाच्या लष्करी शासकाशी, लग्नासाठी याच वाटेनं एदोला गेली, तेव्हा या खेड्यांवर किती भार पडला असेल ते गाईडला नक्की विचारायला सांगा.

गटाची सहल घेऊ नका, खाजगीच घ्या. आधी लिहून विचारा : त्सुमागोहून निघणार का, खिंडीतून बस घेणार का, वाटेत हवं तितकं थांबणार का. २०१८ पासून जपानमध्ये परवाना नसतानाही पैसे घेऊन गाईडचं काम करता येतं, त्यामुळे राष्ट्रीय परीक्षा पास झालेला गाईड आहे का तेही विचारा. परवाना नसलेले वाईट असतात असं नाही, पण काकूंच्या प्रश्नांची खोली बघता मी तरी पास झालेलाच घेईन.

प्रतिसाद ४ : मेतकूट

खाण्याचं मी सांगते, मी वीस वर्षं जपानमध्ये शाकाहारी आहे.

सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, दिसायला निरुपद्रवी, पण रस्सा आणि बुडवायची चटणी दोन्हीत वाळवलेल्या माशाचं पाणी असतं. जेवणावर विसंबू नका. गोहेइमोची खाता येईल, कुटलेला भात काडीवर थापून, वर आक्रोड-तीळ-सोयासॉस लावून निखाऱ्यावर भाजतात. सॉसमध्ये माशाचा अर्क नाही ना एवढं विचारायचं, "कात्सुओ-दाशी हाइत्ते इमासु का?" आणि नाकात्सुगावाचं कुरी-किंतोन सोडू नका. शिजवलेलं चेस्टनट आणि साखर, कापडात पिळून मोदकासारखा आकार. शरद ऋतूतच ताजं मिळतं, तुम्ही अगदी वेळेवर जाताय.

पोटभरीला घरूनच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या. कचरापेट्या नसतात, पिशवी ठेवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. घाटवाट, खिंडीतून बस ही कल्पना माझ्या डोक्यातच आली नव्हती. मी दोनच पर्याय धरून बसले होते, पूर्ण चालायचं किंवा जायचंच नाही.

रानजाई, तुमचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. चौकीचं ऐकल्यावर ती गप्प झाली, मग म्हणाली, "नाणेघाटात जकातीचा रांजण आहे, इथे लाकडाची चौकी. घाट म्हटला की कुणीतरी मोजायला बसलेलं असतंच." आता गाईड नक्की. दोघांना लिहिलंय.

एकच विचारते. त्सुमागो आधी येणार, म्हणजे गाव सकाळी बघायचं की चालायला लगेच निघायचं? मागोमे आणि त्सुमागोत जास्त वेळ कुठे द्यावा?

प्रतिसाद ५ : रानजाई

त्सुमागोत, डोळे झाकून. मागोमेत १८९५ आणि १९१५ ला मोठ्या आगी लागल्या, आजची घरं बरीचशी नंतरची आहेत. सुंदर आहे, पण दुकानं जास्त. त्सुमागो मात्र लोकांनी स्वतः राखलंय. रेल्वे आणि नवे रस्ते आल्यावर गाव ओस पडत चाललं होतं. १९६८ पासून घरं दुरुस्त करायला घेतली, आणि १९७१ मध्ये गावकऱ्यांनी मिळून ठरवलं : विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. १९७६ मध्ये सरकारनं जुन्या वस्त्या म्हणून ज्या पहिल्या सात जागा संरक्षित केल्या, त्यात त्सुमागो आहे. विजेच्या तारा दिसत नाहीत, दिवसा मुख्य रस्त्यावर गाड्या नाहीत. काकूंना हे गाईडकडून ऐकू द्या, मग गाव बघू द्या. वाकी-होन्जिन चुकवू नका, पूर्वी ती दुय्यम दर्जाच्या पाहुण्यांच्या मुक्कामाची जागा होती, आजचं हिनोकीचं घर १८७७ चं आहे.

वाड्याच्या आत पायऱ्या आहेत आणि बूट काढावे लागतात. सहज घालता येतील असे बूट असू द्या.

प्रतिसाद ६ : सांधेसुधे

मी फिजिओथेरपिस्ट आहे. काकूंना न तपासता जास्त बोलणार नाही, डॉक्टरांचंच ऐका. एवढंच, एका काठीऐवजी दोन घ्या आणि टोकांना रबरी टोपी असू द्या, फरसबंदीवर लोखंडी टोक घसरतं. उतरताना काठ्या थोड्या लांब करा. आणि इथे येण्याआधी महिनाभर त्यांना काठ्या घेऊन चालायची सवय होऊ द्या, नवी वस्तू घाटात पहिल्यांदा हातात घ्यायची नसते.

धागाकर्ती

आईनं आजपासूनच अंगणात दोन काठ्या घेऊन फेऱ्या सुरू केल्यात, शेजारच्या काकू मोजतात म्हणे.

एका गाईडबाईंचं उत्तर आलंय. त्सुमागोहून निघायला, खिंडीत बस धरायला तयार आहेत. त्यांनी उलट विचारलंय की आईंना कोणत्या काळाचा इतिहास जास्त आवडतो, म्हणजे तशी तयारी करते. मी त्यांनाच हो म्हणतेय.

ती रबरी टोपी नागोयात मिळेल का? आईच्या काठ्यांना आलेली सैल आहे.

प्रतिसाद ७ : घाटवाट

डोंगर चढायच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात मिळेल. "साकी-गोमु" म्हणा. काठीचं टोक मोजून न्या, दोन-तीन मापं असतात. आणि चार घ्या, रानातल्या चिखलात एखादी राहतेच.