व्हेरिओत (पॅराग्लायडरला चढ-उतार दाखवणाऱ्या यंत्रात) बंदी असलेल्या हवाई हद्दी कशा भरायच्या? (बजेट १२ हजार)

येळ्ळूरचा_वारा: नमस्कार मंडळी. कामशेतला पॅराग्लायडिंगचा कोर्स झाला, आता क्रॉस-कंट्री (लांब पल्ल्याची उड्डाणं) सुरू करायची आहे. पुण्याचं लोहगाव, कोल्हापूरचं उजळाईवाडी, आपलं बेळगावचं सांबरा, या विमानतळांच्या भागातल्या बंदीच्या हद्दी स्क्रीनवर दिसायला हव्यात आणि जवळ गेलं की यंत्रानं ओरडायला हवं. घरात जुना अँड्रॉइड फोन आहे. बजेट १२ हजार. काय घेऊ आणि हद्दी भरू कशा?

निपाणी_ग्लायडर: फ्लायमास्टरचं तयार यंत्र घ्या, डोळे झाकून. मला ४५ हजारांना पडलं, पण भर उन्हात स्क्रीन लख्ख. फोन उन्हात तापून बंद पडतो.

येळ्ळूरचा_वारा: दादा, १२ हजार म्हटलंय.

निपाणी_ग्लायडर: सेकंडहँड बघा की ओ. जिवापुढं पैशाचं काय!

टिळकवाडी_फोटो: ड्रोनला पण हेच लागू काय? लग्नाचं शूटिंग घेतलंय.

खानापूर_नकाशेवाला: ड्रोनचं वेगळं. डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरचा नकाशा बघा. २०२१ च्या नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत ग्रीन झोन, म्हणजे परवानगी लागत नाही. पण बेळगाव कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, त्यामुळं नकाशा बघितल्याशिवाय उडवू नका.

आता मूळ प्रश्न. एक्ससीसोअर हे फोनवरचं अॅप फुकट आहे, ओपनएअरची (हवाई हद्दी लिहायच्या ठरलेल्या साच्यातली) साधी टेक्स्ट फाइल वाचतं. हद्दी एअरपोर्ट्स ऑथॉरिटीच्या ई-एआयपीत (हवाई माहितीच्या अधिकृत ऑनलाइन पुस्तकात), ईएनआर ५.१ या भागात मिळतात. प्रत्येक क्षेत्राला प्रकार, नाव, खालची उंची, वरची उंची आणि मग कोपरे. कोपरे ओळीनं लिहा, नाहीतर रेषा एकमेकींना छेदतात. गोल असेल तर केंद्र आणि त्रिज्या. त्रिज्या सागरी मैलांत, किलोमीटर टाकाल तर वर्तुळ जवळजवळ दुप्पट होईल.

सगळ्यात जपायचं ते अंशांना. सांबऱ्याचा अक्षांश १५ अंश ५१ मिनिटं ३३ सेकंद. आमच्या ग्रुपमधल्या एका पोरानं तो सरळ १५.५१३३ असा टाकला. दशांशात तो १५.८५९२ होतो. विमानतळ ३८ किलोमीटर दक्षिणेला सरकला, खानापूरच्याही खाली! ते यंत्र सांबऱ्यावर गप्पच बसलं असतं.

चंदगड_बाबू: कुणी सांगितलं नाही म्हणून सांगतो, एक्ससीसोअर फुकट आहे. माझ्याकडं तयार फाइल आहे, व्हॉट्सअॅपवर टाकतो. टंकत बसायची काय गरज?

खानापूर_नकाशेवाला: कधीची फाइल? एआयपी २८ दिवसांच्या चक्रानं बदलते.

चंदगड_बाबू: चालतंय हो, विमानतळ काय जागा सोडून जातात काय.

सांबरा_निवृत्त: विमानतळ जात नाहीत, हद्दी बदलतात. मी हवाई दलात काढली हयात. पोरांनो, उंचीकडं कुणी बघतच नाही. सांबऱ्याची धावपट्टीच समुद्रसपाटीपासून जवळपास अडीच हजार फुटांवर. ‘३,००० फूट एमएसएल’ (म्हणजे समुद्रसपाटीपासून) लिहिलं असेल तर तिथं जमिनीपासून ५०० फूटच उरतात. एमएसएल की एजीएल (जमिनीपासून), हे प्रत्येक ओळीत तपासा. आणि उडायच्या दिवशी नोटॅम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) बघा. चार दिवसांपुरती बंदी फाइलमध्ये येत नाही. १९४२ पासून हे विमानतळ उभं आहे, तिथं खेळ नको.

निपाणी_ग्लायडर: म्हणूनच म्हणतो, फ्लायमास्टर.

खानापूर_नकाशेवाला: त्यात तरी फाइल कोण भरणार? काकांचं बरोबर आहे. बाबूची फाइल घ्या, पण एआयपीशी ताडून बघा.

येळ्ळूरचा_वारा: सगळ्यांचे आभार. ठरलं. काहीच विकत घेत नाही, जुना फोनच वापरणार. तयार फाइलही नको. मला लागणारी क्षेत्रं मोजकीच आहेत, ती स्वतः एआयपीतून टंकणार. म्हणजे कुठली रेष कुठून जाते ते डोक्यातही बसेल. टंकून झालं की सॅटेलाइट नकाशावर ठेवून धावपट्टी आत येते का ते बघतो. काका, सांबऱ्याच्या ओळी एकदा नजरेखालून घालाल काय?

सांबरा_निवृत्त: पाठव. उंचीचे आकडे फुटांतच ठेव.

निपाणी_ग्लायडर: फोन तापला की कळेल. सावलीची कॅप तरी लावा त्याला.

टिळकवाडी_फोटो: नकाशा बघितला. हॉल यलो झोनमध्ये येतोय. परवानगी कुठं मागायची?