बर्गरवाली कंपनी परदेशात गेली, मग शेअर का हलत नाही?

घोडबंदरकर:
डिसेंबर २०२० मध्ये बर्गर किंग इंडियाच्या आयपीओत (कंपनीच्या पहिल्या शेअरविक्रीत) एक लॉट लागला होता. ६० च्या भावाने २५० शेअर. पहिल्याच दिवशी ११५ झाला, तरी विकला नाही. पुढे कंपनीचं नाव रेस्टॉरंट ब्रँड्स एशिया झालं, इंडोनेशियातली बर्गर किंगची दुकानंही ताब्यात आली. दुकानं वाढतात, भाव मात्र तिथेच घुटमळतोय. असं का?

ऐरोलीनाका:
घोडबंदरला वडापाव खाणं बंद करा, भाव वाढेल 😄

सीवूड्सवाला:
मी वाशीच्या एका मॉलमध्ये अशाच एका साखळीत शिफ्ट मॅनेजर होतो. दुकान उघडलं की सुरुवातीला रांगा. मग मंगळवारी दुपारी फ्रायरपाशी आम्ही दोघंच. फ्राइज सात मिनिटांत गेले नाहीत तर वजन करायचं, वेस्ट शीटवर लिहायचं आणि फेकायचे. एसी, भाडं, पगार चालूच. आणि ब्रँडच्या मालकाला रॉयल्टी जाते ती विक्रीवर, नफ्यावर नाही! म्हणून दुकानं किती झाली ते सोडा, जुन्या दुकानांची विक्री वाढतेय का ते बघा.

परदेशात यात आणखी भर. इंडोनेशियाचा धंदा २०२२ मध्ये घेतला आणि २०२३ च्या शेवटी गाझा युद्धावरून तिथे अमेरिकन ब्रँडवर बहिष्कार सुरू झाला. आता त्यात इथल्या मॅनेजमेंटने काय करायचं? सफायर फूड्सची पिझ्झा हट श्रीलंकेत आहेत. २०२२ मध्ये तिथे गॅस नाही, वीज नाही, रुपया कोसळलेला. केएफसी चालवणाऱ्या देवयानी इंटरनॅशनलला नायजेरियात तिथलं चलन नायरा घसरल्याचा फटका बसला, तरी २०२४ मध्ये त्यांनी थायलंडमधली बरीच केएफसी दुकानं घेतलीच. हौस दांडगी.

कोपरीकर:
सगळ्यांना एका माळेत ओवू नका. डॉमिनोजवाल्या ज्युबिलंटने तुर्कस्तानात डॉमिनोज चालवणाऱ्या डीपी युरेशियात २०२१ मध्ये जवळपास एक तृतीयांश हिस्सा घेतला, धंदा आतून पाहिला आणि २०२४ मध्ये ताबा घेतला. चालता धंदा होता, सोबत अझरबैजान आणि जॉर्जियाही मिळाले.

सीवूड्सवाला:
मान्य, पण तुर्कस्तानच्या घसरत्या चलनाचं, लिराचं काय? तिथली महागाई इतकी की हिशेबही वेगळ्या पद्धतीने मांडावा लागतो.

घोडबंदरकर:
म्हणजे मी बघू काय नेमकं?

सीवूड्सवाला:
तिमाही निकालाचं प्रेझेंटेशन शेअर बाजाराच्या (एक्स्चेंजच्या) साइटवर असतं. भारत आणि इंडोनेशिया वेगळे दाखवलेले असतात. भारताचे आकडे आधी वाचा, मग कन्सॉलिडेटेड, म्हणजे दोन्ही देशांचे मिळून. दोन्हींत फरक किती पडतो बघा, तुमचं उत्तर तिथेच आहे. विकायचं की नाही ते मात्र मी सांगणार नाही, मला स्वतःला तो लॉट लागलाच नव्हता.