मदत हवी आहे : कानाला कमी ऐकू येतं, हाय-फाय सेट विकायचाय, ‘आवाज उत्तम’ असं कोणत्या तोंडाने लिहू?

नमस्कार मंडळी,

वय ६७. उजव्या कानाची वरची पट्टी जवळपास गेली आहे, डावाही त्याच वाटेवर आहे. कानतपासणीच्या आलेखात ३००० हर्ट्झपासून रेघ जी खाली घसरते ती कागदाबाहेरच जाते. श्रवणयंत्र लावल्यावर बोलणं नीट कळतं, पण गाणं लावलं की ते यंत्र आपली अक्कल चालवतं. आवाज चढला की दाबतं, उतरला की उचलतं, आणि बासरीचा लांब सूर आला की ती आपलीच शिट्टी समजून कापायला धावतं. दोन वर्षं चिकाटी धरली, आता पुरे झालं. सेट विकायचा ठरवलाय.

सेट असा : लिन सोंडेक एलपी१२ टर्नटेबल (रेकॉर्ड फिरवणारं यंत्र), त्यावर इट्टोक आर्म (सुईचा दांडा). नेम कंपनीचा नॅक ८२ प्रीअ‍ॅम्प, त्याला वीज पुरवणारा हायकॅप आणि स्पीकर चालवणारा नॅप २५० पॉवर अ‍ॅम्प. स्पीकर बोवर्स अँड विल्किन्सचे नॉटिलस ८०५. टर्नटेबल सोडून सगळ्यांची मूळ खोकी आहेत. काहीही बदललेलं, ‘सुधारलेलं’ नाही.

गेल्या आठवड्यात फोटो काढून जाहिरात दिली आणि सवयीने लिहून गेलो, ‘आवाज उत्तम, दोन्ही चॅनेल व्यवस्थित’. रविवारी पहिलं गिऱ्हाईक आलं. तिशीतला मुलगा, बरोबर एक मित्र. स्वतःची मोनो रेकॉर्ड (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज देणारी) घेऊन आला होता, तिथेच मला आवडला. पाच मिनिटं समोर बसून ऐकलं, मग उठला आणि स्पीकरच्या डोक्यावरच्या त्या निमुळत्या नळीपाशी, म्हणजे उंच सूर वाजवणाऱ्या ट्विटरपाशी, कान नेला. आधी डावीकडे, मग उजवीकडे, परत डावीकडे. मित्राकडे बघून मान हलवली आणि म्हणाला, “काका, उजवा ट्विटर गेलाय.”

मी यंत्र काढून कान लावला, यंत्र घालून कान लावला. मला दोन्हीकडे तेच, म्हणजे दोन्हीकडे काहीच नाही.

त्याने अख्ख्या सेटला जाहिरातीच्या निम्मी किंमत सांगितली. मी ‘विचार करून कळवतो’ म्हटलं. ते गेल्यापासून डोक्याला भुंगा लागलाय. पोरगा खरं बोलत असेल तर मी जाहिरातीत खोटं लिहिलंय. खोटं बोलत असेल तर माझ्या कानामागचं यंत्र बघून त्याने डाव साधला. यातलं काय खरं, हे ठरवायला जे कान लागतात तेच तर गेलेत! घरी मी एकटाच असतो.

तर प्रश्न : ऐकू न येणाऱ्या माणसाने आपल्याच सेटची तपासणी कशी करावी? आणि जाहिरातीत काय लिहावं? सेट एकगठ्ठा द्यावा की सुटा सुटा, हेही जाता जाता सांगा.

प्रतिसाद १

काका, आधी जाहिरातीतलं ते वाक्य काढा. त्याऐवजी सरळ लिहा, ‘माझी श्रवणशक्ती कमी झाल्यामुळे विकतो आहे, प्रत्यक्ष येऊन ऐकून घ्यावे’. याने किंमत पडत नाही. उलट विकण्याचं खरं कारण कळलं की घेणारा निवांत होतो. ‘अपग्रेड करतोय’ हे वाचून वाचून सगळे कंटाळलेत.

तपासणीसाठी अदलाबदल करा. अ‍ॅम्प बंद करून डावा स्पीकर उजव्या वायरीवर आणि उजवा डाव्या वायरीवर लावा. दोष त्याच स्पीकरबरोबर फिरला तर स्पीकरचा. दोष जागच्या जागी राहिला, म्हणजे आता दुसरा स्पीकर मुका झाला, तर तो अ‍ॅम्प, आर्म, कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) किंवा मधल्या केबलचा. ऐकायला शेजारचं एखादं शाळकरी पोर बोलवा, त्यांचे कान वटवाघळाचे असतात.

प्रतिसाद २

एवढं कशाला? ८०५ ला मागे टर्मिनलच्या (वायर आवळायच्या खुंटांच्या) दोन जोड्या आहेत. वरची जोडी ट्विटरची. दोन्ही जोड्यांना जोडणाऱ्या मधल्या जंपर पट्ट्या काढायच्या, वरच्या जोडीला मल्टिमीटर लावायचा. काही ओहम दाखवले तर ट्विटर जिवंत, नाही दाखवले तर मेला.

प्रतिसाद ३

@प्रतिसाद २, काकांना घाबरवू नका. ट्विटरच्या वाटेवर क्रॉसओव्हरमध्ये (उंच आणि खालचे सूर वेगळे करणाऱ्या सर्किटमध्ये) कपॅसिटर असतो आणि मल्टिमीटरचा डीसी करंट त्यातून जात नाही. टर्मिनलवरून मोजलं तर ठणठणीत ट्विटरसुद्धा तुटलेला दाखवेल. मोजायचं तर थेट ट्विटरच्या तारांवर, आणि त्यासाठी स्पीकर उघडावा लागेल. विकायच्या आधी ते करू नका, स्क्रूवरचे ओरखडे घेणाऱ्याला लगेच दिसतात.

काका, तुमच्या फोनला चांगले कान आहेत. ध्वनीचा आलेख दाखवणारं एखादं फुकट अ‍ॅप घ्या. दोन्ही स्पीकरमधून मोनोमध्ये पिंक नॉइज (सगळे सूर मिसळलेला खळखळाट) वाजवा, आवाज अगदी बेताचा ठेवा. फोन ट्विटरच्या समोर, एक फूटभर अंतरावर, दोन्हीकडे नेमक्या त्याच उंचीवर धरा. फोनचा माइक अचूक नसला तरी बिघडत नाही, कारण आपण डाव्याची तुलना फक्त उजव्याशी करतोय. वरच्या बाजूला एकीकडे डोंगर आणि दुसरीकडे दरी दिसली तर मुलगा खरं बोलला. नुसते उंच सूर मात्र मोठ्याने वाजवू नका. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवत न्याल आणि चांगला ट्विटर जाळून बसाल.

धागाकर्ता

शेवटची सूचना वाचून हसलो, कारण नेमकं तेच करणार होतो. संध्याकाळी बघतो. तोवर पॅकिंगचं कोणी सांगेल का? एक जण न बघता कुरियरने मागतोय.

प्रतिसाद ४

एलपी१२ शक्यतो कुरियरने पाठवू नका, त्यातून तुमच्याकडे त्याचं खोकंही नाही. तो स्प्रिंगांवर तरंगतो. द्यायचाच असेल तर बाहेरची आणि आतली, दोन्ही प्लॅटर (रेकॉर्डखालच्या फिरत्या चकत्या) काढून वेगळी गुंडाळा, नाहीतर वाटेत बेअरिंगची वाट लागेल. आतली प्लॅटर उचललीत की खाली खड्ड्यात तेल दिसेल, ते सिरिंजने काढून घ्या. नाहीतर आडवं झालं की सांडतं. काउंटरवेट (आर्मच्या मागचं वजन) काढा, आर्म टेकूला बांधा, स्टायलसवर (सुईवर) टोपी. एवढं करूनही पोचल्यावर सस्पेन्शन पुन्हा जुळवावं लागतंच. म्हणून म्हणतो, घेणाऱ्यालाच येऊ दे.

नेमच्या वस्तू सुट्या विकू नका. त्यांच्या डिन केबल (गोल, अनेक पिनांच्या) आणि हायकॅप ज्याच्याकडे नेम आहे त्यालाच उपयोगी. जुन्या नेम पॉवर अ‍ॅम्पना त्यांचीच स्पीकर केबल, किमान साडेतीन मीटर, लागते. ती सेटबरोबर द्या, सुटी विकून फारसं काही हाती येत नाही. टर्नटेबल आणि स्पीकर सुटे चालतील. नॅप २५० चे कपॅसिटर कधी बदलले, हा प्रश्न येणारच. बिल असेल तर फोटोत टाका, बदलले नसतील तर तसं लिहा. किंमत ठरवताना लोक काय मागतात ते बघू नका, प्रत्यक्षात कितीला गेलं ते शोधा.

आणि पैसे स्वतःच्या खात्यात दिसेपर्यंत वस्तू हलवायची नाही. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. ‘चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा’ असं कोणी म्हणालं की फोन ठेवून द्या.

धागाकर्ता

मंडळी, निकाल लागला.

फोनचा आलेख काढला. डावीकडे सपाट माळ, उजवीकडे वरचा भाग तुटलेल्या कड्यासारखा. म्हणजे मुलगा खरं बोलला होता. पोटात गोळा आला. मग अदलाबदल करायला स्पीकर फिरवला, मागे हात घातला आणि वरचं लाल टर्मिनल बोटांत गरागरा फिरलं. जंपर पट्टी त्याला नुसती टेकून उभी होती.

आठवलं. फोटो काढायच्या दिवशी मागची बाजू पुसायची म्हणून मीच सगळी टर्मिनलं सोडली होती. परत लावताना बाकीची आवळली, उजव्याचं वरचं लाल तेवढं राहिलं. डाव्या स्पीकरला चारही घट्ट, उजव्याला तीनच. अर्धा वेढा आवळला, पुन्हा आलेख काढला, दोन्हीकडे तोच माळ. तेवढ्याने ट्विटर जिवंत! आणि मी खुर्चीत बसून दोन्ही वेळा तेच ऐकत होतो.

आता नवा प्रश्न. त्या मुलाला फोन करावा का? मनात त्याला लबाड ठरवून मोकळा झालो होतो. शिवाय निम्मी किंमत सांगून गेलेलं गिऱ्हाईक आहे.

प्रतिसाद ३

करा की! मोनो रेकॉर्ड घेऊन येणारं आणि न उघडता ट्विटर ओळखणारं गिऱ्हाईक रोज येत नाही. निम्मी किंमत त्याने मेलेल्या ट्विटरची सांगितली होती, जिवंताची काय देतो ते विचारा. दोन्ही आलेख पाठवा आणि चूक तुमच्याच हातून झाली हेही सांगा.

प्रतिसाद १

आणि आर्मच्या हेडशेलच्या तारा, मागचे प्लग, सगळं एकदा हाताने तपासून घ्या. फोटोच्या नादात अजून काय काय सोडलं असेल!

धागाकर्ता

तपासलं, बाकी सगळं जागेवर आहे. जाहिरातीतलं वाक्य बदललं, कानाचं लिहिलं.

फोन केला. आलेख बघून आधी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “रविवारी येतो, किमतीचं समोर बसून बोलू. पण काका, मी येईपर्यंत ती पट्टी परत ढिली करून ठेवा. माझ्या हाताने आवळून ऐकायचंय.”

अ‍ॅम्प बंद करून आत्ताच ढिली केली.