वायटच्या कवितेची शेवटची ओळ दोन पुस्तकांत दोन तऱ्हेची आहे. खरी कुठली?

कळव्याची_वाचक:
नमस्कार मंडळी. मी इंग्रजी घेऊन एम.ए. करते आहे, दुसरं वर्ष. गेल्या रविवारी नौपाड्यातल्या एका रद्दीच्या दुकानात दहावीच्या गाइडांच्या थप्पीखाली एक जुनं पुस्तक सापडलं. दुकानदाराने साठ रुपये सांगितले, मी घासाघीस न करता दिले. आतल्या पानावर लिहिलंय: टॉटेल्स मिसेलनी, संपादक एडवर्ड आर्बर, १८७०. पाठ निखळली आहे, पण पानं सगळी शाबूत आहेत.

घरी येऊन आधी सोळाव्या शतकातला कवी सर थॉमस वायट याची 'दे फ्ली फ्रॉम मी' ही सोडून गेलेल्या प्रेयसीवरची कविता उघडली, कारण ती आम्हाला अभ्यासाला आहे. आणि शेवट जुळेना! आमच्या पाठ्यपुस्तकात आहे: 'बट सिन्स दॅट आय सो काइंडली ॲम सर्व्ह्ड, आय वुड फेन नो व्हॉट शी हॅथ डिझर्व्ह्ड'. या पुस्तकात: 'बट सिन्स दॅट आय अनकाइंडली सो ॲम सर्व्ह्ड, हाउ लाइक यू धिस, व्हॉट हॅथ शी नाउ डिझर्व्ह्ड'. 'काइंडली'चं थेट 'अनकाइंडली'? वर कवितेला ओळभर लांब शीर्षकही आहे, तेही आमच्या पुस्तकात नाही. आर्बरने चूक केली आहे का? निबंधात मी कुठली ओळ देऊ?

अजून एक. बिशप पर्सीच्या 'रेलिक्स'ची, म्हणजे जुन्या इंग्रजी पोवाड्यांच्या संग्रहाची, नवीकोरी प्रत मागच्या महिन्यात ऑनलाइन मागवली, सातशे रुपये गेले. त्यात 'सच'चं 'फच' आणि 'साँग'चं 'फाँग' झालंय. मध्येच काही पानं नाहीतच. हीच जुनी स्पेलिंग समजायची का?

ऐरोलीकर:
पाठ्यपुस्तकातली ओळ द्या आणि मोकळ्या व्हा. परीक्षक तीच बघणार. जुनी प्रत कपाटात ठेवायला छान. पर्सीची प्रत परत पाठवता आली तर बघा.

नेरूळचा_मुद्रितशोधक:
ऐरोलीकर, परीक्षेपुरतं तुमचं बरोबर आहे. पण ताईंनी विचारलंय की खरी कुठली, तेव्हा जरा सविस्तर लिहितो. माझी छत्तीस वर्षं प्रूफं वाचण्यात गेली, हा विषय माझ्या जिवाजवळचा आहे.

आर्बरने चूक केलेली नाही. त्याने टॉटेलचं पुस्तक जसं होतं तसं पुन्हा छापलं. बदल केला तो मूळ पुस्तकात. रिचर्ड टॉटेलने ५ जून १५५७ रोजी 'साँग्ज अँड सॉनेट्स' काढलं, त्यालाच पुढे टॉटेल्स मिसेलनी म्हणू लागले. वायट १५४२ मध्येच वारला होता, त्याला विचारणार कोण? पुस्तक तयार करणाऱ्याला त्याच्या ओळी खडबडीत वाटल्या आणि त्या त्याने रंधा मारून सपाट केल्या. त्याच कवितेत 'इट वॉज नो ड्रीम, आय ले ब्रॉड वेकिंग' अशी ओळ आहे. तिथे मध्ये 'फॉर' घातला, 'वेकिंग'चं 'अवेकिंग' केलं, आणि ओळ ठेक्यात बसवली. ती दचकून जाग आल्यासारखी अडखळते, तीच तिची जान आहे. ठेक्यात बसवल्यावर ती नुसती माहिती सांगते. शीर्षकंही त्यानेच चिकटवलेली.

'काइंडली'चं नुकसान तर फारच मोठं. त्या काळी 'काइंड' म्हणजे जात, मूळ स्वभाव असाही अर्थ होता. म्हणजे वायट एका शब्दात दोन गोष्टी म्हणतो: 'माझ्याशी किती मायेने वागली' हा टोमणा, आणि 'आपल्या जातीवर गेली' हे दुःख. 'अन' लावला की टोमणा गेला, जातही गेली, उरली सरळ तक्रार.

तुमच्या पाठ्यपुस्तकातली ओळ हस्तलिखितातून आली आहे. वायटच्या स्वतःच्या वापरातली वही ब्रिटिश लायब्ररीत आहे, तिथला तिचा क्रमांक एगर्टन २७११. तिच्यात काही ठिकाणी त्याच्या हातच्या दुरुस्त्याही आहेत. जॉर्ज नॉट नावाच्या संपादकाने १८१५-१६ मध्ये वायट आणि त्याच्याच काळातला कवी सरे यांच्या कविता काढल्या तेव्हा हस्तलिखितांकडे नीट लक्ष दिलं. तोवर अडीचशे वर्षं लोक बहुतेक टॉटेलचाच वायट वाचत होते. म्हणून आर्बरची प्रत नुसती कपाटात ठेवायची वस्तू नाही. लोकांनी कोणता वायट वाचला हे तिच्यातच दिसतं.

निबंधात दोन्ही ओळी द्या, आणि कुठली वहीतली, कुठली टॉटेलची ते लिहा. मग शंका घ्यायला जागाच राहत नाही.

आता पर्सी. तुमच्या प्रतीतली 'फच' ही जुनी स्पेलिंग नव्हे. अठराव्या शतकात 'एस'चा छपाईचा एक लांब खिळा वापरत, तो 'एफ'सारखा दिसतो, फक्त मधली आडवी रेघ पुरती नसते. यंत्राने स्कॅन वाचताना त्याला 'एफ' समजलं आणि कुणी प्रूफ न बघता छापलं. याला पुनर्मुद्रण म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुम्हाला ही पुस्तकं रद्दीत भेटतात, म्हणून सांगतो: 'रेलिक्स' ज्याच्यावरून निघालं ते जुन्या पोवाड्यांचं हस्तलिखित पर्सीला इंग्लंडात श्रॉपशरमध्ये शिफ्नलला एका ओळखीच्याच्या घरी मिळालं, मोलकरणी त्याची पानं फाडून चूल पेटवत होत्या. त्याने ते वाचवलं, १७६५ मध्ये 'रेलिक्स' काढलं, आणि मग स्वतःच त्यात भर घातली. 'चाइल्ड ऑफ एल' या पोवाड्याच्या ३९ ओळी उरल्या होत्या, छापताना २०० झाल्या. शंभर वर्षांनी, १८६७-६८ मध्ये, हेल्स आणि फर्निव्हल यांनी ते हस्तलिखित जसंच्या तसं छापलं, तेव्हा कळलं जुनं किती आणि पर्सीचं किती. हाच फर्निव्हल १८६४ मध्ये अर्ली इंग्लिश टेक्स्ट सोसायटी, म्हणजे जुनं इंग्रजी साहित्य छापणारी संस्था, काढणारा.

मला हे पटायला एक प्रसंग कारण झाला. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी जुन्या ओव्यांच्या एका पुस्तकाची गॅली, म्हणजे कच्चं प्रूफ, माझ्याकडे आली. मी 'जालें' दिसेल तिथे खोडून 'झालें' केलं, चाळीस पानं. संपादकांनी मला समोर बसवलं, प्रत्येक खोडलेल्या शब्दाखाली टिंबं देऊन मूळ शब्द माझ्याकडूनच परत आणवला. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तो माणूस असं बोलत होता हो." नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हा आपली ओवी त्यात घालणाऱ्याला अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवणारा म्हटलं, ते मला त्या दिवशी समजलं.

कळव्याची_वाचक:
काका, काय बोलू. काल ट्रान्सहार्बरला ठाण्यापासून तुर्भ्यापर्यंत दोन्ही ओळी आळीपाळीने म्हणून बघितल्या. 'ब्रॉड वेकिंग'ला खरंच श्वास अडकतो. एक विचारू? कॉलेजच्या लायब्ररीत त्या सोसायटीचा एक खंड आहे. त्यात शब्दांच्या मध्येच एखाददुसरं अक्षर तिरकं छापलंय. तो दोष आहे का?

नेरूळचा_मुद्रितशोधक:
मुळीच नाही, उलट तो प्रामाणिकपणा आहे. लेखनिक घाईत अक्षरं गाळून वर एक रेघ मारत, मोडीत संक्षेप करतात तसंच. संपादकाने गाळलेलं अक्षर भरलं की ते तिरकं छापायचं, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हे कागदावर नव्हतं, मी घातलंय. टॉटेलने 'फॉर' असा तिरका छापला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं.

पर्सीसाठी पुन्हा पैसे घालवू नका. हेल्स-फर्निव्हलचे खंड इंटरनेट आर्काइव्हवर पानांच्या छायाचित्रांसकट फुकट आहेत. छायाचित्रच वाचा, शेजारी यंत्राने काढलेला मजकूर असतो तो नको.

आर्बर हा आरमार खात्यात कारकून होता. नोकरी सांभाळून १८६८ ते १८७१ या काळात त्याने अशी तीस पुस्तकं काढली, सामान्य माणसाला परवडावीत अशा किमतीत. तेव्हा त्या निखळलेल्या पाठीला सेलोटेप अजिबात लावू नका, वर्षभरात पिवळी पडून कागद खाते. मैद्याची पातळ खळ करा, चिमूटभर मोरचूद घाला म्हणजे कसर लागणार नाही, पण हात लगेच धुवा. मलमलीची पट्टी लावून रात्रभर पाट्याखाली ठेवा.