तोरणमाळच्या छोट्या व्यवसायांत ‘कामापलीकडचे काम’ कसे मोजावे?

शहाद्याची संशोधक

नमस्कार. मी व्यवस्थापनशास्त्रात पीएच.डी. करीत आहे. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ या थंड हवेच्या ठिकाणच्या परिसरातील खानावळी, चहा-भज्यांची दुकाने, पर्यटकांना खोल्या देणारी कुटुंबे आणि वाटाडे यांच्याकडील कामकरी माणसांचे वर्तन हा माझा विषय आहे. डेनिस ऑर्गन यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या ‘संघटनात्मक नागरिकत्व वर्तना’चा, म्हणजे नेमून दिलेल्या कामापलीकडे माणूस आपणहून जे करतो त्याचा, मी आधार घेतला आहे. त्यासाठी प्रचलित असलेल्या २४ विधानांच्या प्रश्नावलीचा मराठी अनुवाद करून मी चाचणीदाखल काही जणांकडून ती भरून घेतली.

एका दुकानातील मुलाने झारा कढईवर आडवा ठेवला, हात पंचाला पुसले आणि कागद हाती घेतला. मालक शेजारीच गल्ल्यावर बसलेले होते. मुलाने एकही विधान न वाचता सर्व २४ विधानांपुढे ‘पूर्णपणे सहमत’ यावर खूण केली आणि ‘झालं ताई’ म्हणून पुन्हा झारा उचलला. इतर ठिकाणीही थोड्याफार फरकाने हेच घडले. शिवाय ‘कामावर नियमित असतो’ या विधानावर मालकांची एकच तक्रार असते, की होळीआधी भोंगऱ्या बाजार, म्हणजे आदिवासींचा सणाचा बाजार, सुरू झाला की सगळे दांडी मारतात. ही दांडी मी अनियमितपणात धरावी का? नमुन्याचाही, म्हणजे किती जणांना विचारावे याचाही, प्रश्न आहेच, कारण पुस्तकातील ३८४ हा आकडा गाठण्याइतकी माणसे या कामात मुळात नाहीत.

निवृत्त प्राध्यापक, जळगाव

आपण पाहिलेले तपशील मोलाचे आहेत, ते प्रबंधातून गाळू नका. नमुन्याचा प्रश्न सोपा आहे. क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यातील ३८४ हा आकडा फार मोठ्या लोकसंख्येसाठी आहे. त्याच तक्त्यानुसार शंभर माणसांसाठी ८० पुरतात. आपल्या परिसरात मोजकीच माणसे असतील, तर सर्वांनाच भेटावे.

खरी अडचण प्रश्नावलीच्या गृहीतकात आहे. ‘कामापलीकडचे’ मोजायचे, तर ‘काम’ कुठे संपते हे ठरलेले असावे लागते. कारखान्यात नेमणूकपत्र असते, पाळी असते, कामाची वाटणी असते. खानावळीत तोच मुलगा भांडी घासतो, गाडी लावायला जागा दाखवतो, पाणी भरतो आणि मालकाच्या लहान मुलीला शाळेतून आणतो; यातले नेमलेले काय आणि आपणहून केलेले काय, हे कोणीच कधी बोललेले नसते. एलिझाबेथ मॉरिसन यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले, की ही सीमा कामगार आणि वरिष्ठ वेगवेगळ्या ठिकाणी आखतात, आणि जे आपले कामच आहे असे माणसाला वाटते ते तो अधिक करतो. म्हणून आधी तेथील प्रत्येक काम एकेका चिठ्ठीवर लिहा किंवा त्याचे चित्र काढा. मालक आणि कामकरी यांना वेगवेगळे बसवून ‘हे माझे काम’ आणि ‘हे मी वरून करतो’ असे दोन ढीग करायला सांगा. त्या दोन मांडण्यांतील तफावत हाच आपला पहिला निष्कर्ष असेल. सर्वांनी ‘पूर्णपणे सहमत’ म्हणून पाचपैकी पाचच गुण दिले, तर चढउतारच उरत नाही, मग सहसंबंध काढणार कशाचा?

घाटातला खानावळवाला

ताई, मी मालकांच्या बाजूचा आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. भोंगऱ्याला ‘दांडी’ म्हणणे चूक आहे आणि ती चूक मीही अनेक वर्षे केली. होळी कधी आहे हे कॅलेंडरवर असते, भोंगऱ्या त्याच्या आधीच्या आठवडे बाजारांना भरतो. मग जी गोष्ट वर्षभर आधी ठाऊक आहे ती अनियमित कशी? मी पूर्वी त्या दिवसांची मजुरी कापायचो आणि होळीनंतर निम्मी माणसे परतायचीच नाहीत. आता त्या आठवड्यात चूल एकच पेटवतो, भाजी-भाकरीशिवाय काही ठेवत नाही, आणि गिऱ्हाइकांना फळ्यावर तसे लिहून कळवतो.

आणखी एक. माझी वहिनी पहाटे चारला उठून भाकऱ्यांचे पीठ मळते, आणि तिचे नाव कोणत्याही हिशोबात नाही. तुमच्या प्रश्नावलीत ती ‘कर्मचारी’ म्हणून बसत नसेल, तर निम्मे काम तुमच्या मोजणीबाहेर राहील.

धडगावचा वाटाड्या

मी पावरा समाजाचा आहे आणि हंगामात पर्यटकांना वाटा दाखवतो. ताई, आपला अनुवाद चांगला असेल, पण आम्ही घरी पावरी बोलतो; कागदावरची मराठी आम्हाला सरकारी अर्जासारखी वाटते आणि अर्जावर माणूस ‘हो’च म्हणतो.

दुसरे असे, की आमच्याकडे एखाद्याचे घर शाकारायचे असेल तर पाड्यातले सगळे जातात. मजुरी नसते, त्या घरचे जेवण असते. ही मदत तुमच्या ऑर्गन यांनी सांगितलेल्या पाच पैलूंपैकी ‘परोपकारा’त बसते, पण ती दुकानासाठी नसते, पाड्यासाठी असते. त्यासाठी मी एक दिवस कामावर गेलो नाही, तर मालकाच्या वहीत मी बेभरवशाचा ठरतो आणि पाड्यात भरवशाचा. पर्यटन ‘लोकाधारित’ म्हणायचे असेल, तर खोल्या किती बांधायच्या, पाणी कुठून घ्यायचे, कचरा कुठे टाकायचा, हे ग्रामसभेत ठरले का, हेही विचारा. आदिवासी (अनुसूचित) क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले आहेत, तरी या गोष्टी आम्हाला बांधकाम सुरू झाल्यावर कळतात. ज्या कामाच्या ठरवण्यात माणूस नव्हता, तिथे तो आपणहून जास्तीचे का करील?

निवृत्त प्राध्यापक, जळगाव

वाटाड्या भाऊंनी जे लिहिले ते मेयर आणि ॲलन या संशोधकांच्या कामावरील बांधिलकीविषयीच्या १९९१ च्या मांडणीला भिडणारे आहे. ते बांधिलकीचे तीन प्रकार सांगतात: मनापासूनची, सोडल्यास नुकसान होईल म्हणूनची आणि कर्तव्यभावनेची. येथे तिसरी बांधिलकी भक्कम आहे, फक्त ती आस्थापनेकडे नसून पाड्याकडे आहे. बांधिलकी कोणाशी, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा.

शहाद्याची संशोधक

सर्वांचे मनापासून आभार. प्रश्नावली बाजूला ठेवून आधी चिठ्ठ्यांचे काम करणार आहे, तेही दुकानात नव्हे, तर पाड्यावर, पावरी बोलणाऱ्या सहकाऱ्याला सोबत घेऊन. वहिनींसारख्या बिनपगारी स्त्रियांचा स्वतंत्र रकाना असेल. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे जातात, त्यामुळे भेटी त्याआधीच उरकायला हव्यात. वाटाड्या भाऊ, चिठ्ठ्यांवरील कामांची यादी मी आधी तुम्हाला दाखवली, तर काय राहून गेले ते सांगाल का?

धडगावचा वाटाड्या

सांगेन, ताई. पाणी भरणे एकाच चिठ्ठीवर लिहू नका. पावसाळ्यातले आणि उन्हाळ्यातले वेगवेगळे लिहा.